लॅपटॉप शेवटच्या तासांना उघडा

*प्रिय ताई,*
*मी सातवीला भाषा शिकवते. आठवड्यातला ग्रंथालयाचा एक तासही माझ्याकडेच असतो. गेल्या वर्षी वर्गाकडून ‘डिजिटल गोष्टी’ करून घेतल्या. ३८ मुलं, एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि माझा फोन. गटागटानं १२ व्हिडिओ झाले. दिसायला छान होते, मुख्याध्यापक खूश झाले. पण घरी येऊन मी ते पुन्हा पाहिले आणि मन खट्टू झालं. सगळीकडे नेटवरची चित्रं, गरगर फिरत येणारी अक्षरं, सिनेमाचं संगीत. मजकूर कुठून तरी उतरवलेला. मुलांचा आवाज फक्त दोन व्हिडिओंत, तोही धडा वाचल्यासारखा. यंदा पुन्हा करायचं म्हणते आहे, पण धीर होत नाही. आमच्या ग्रंथपालबाई विचारतात, “यात पुस्तकं कुठे आहेत?” शिवाय एका मुलीनं वडील घर सोडून गेले त्याबद्दल वहीत लिहून आणलं आहे. तिला त्याचीच गोष्ट करायची आहे. आणि मुख्याध्यापक म्हणतात, यंदाचे सगळे व्हिडिओ शाळेच्या यूट्यूब चॅनलवर टाकू. मी काय करू?*
*— एक शिक्षिका*

प्रिय बाई,

तुमची मुलं तुम्हाला बाईच म्हणत असतील, म्हणून मीही तेच म्हणते. सगळ्यांना आवडलेलं काम घरी येऊन तुम्ही पुन्हा पाहिलंत आणि त्यात मुलांचा आवाज शोधलात. यंदाचं काम चांगलं होईल, असं मला वाटतं ते यामुळेच.

पत्रावरून माझा अंदाज असा, की गेल्या वर्षी लॅपटॉप पहिल्याच तासाला उघडला गेला. तो उघडला की मुलं चित्रं शोधणार, अक्षरं फिरवणार, गाणं लावणार. ती आळशी आहेत म्हणून नव्हे. पडद्यावर जे हाताशी आहे तेच ती करतात. गोष्ट मग चित्रांच्या मधल्या फटी बुजवायला येते, आणि फट बुजवायला उतरवलेला मजकूर पुरतो. यंदा क्रम उलटा करा. पूर्ण उपक्रमाला दहा तास मिळणार असतील, तर पहिले सात तास लॅपटॉप कपाटात राहू द्या.

हे मी मनानं सांगत नाही. या प्रकाराची सुरुवातच तशी झाली आहे. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेना ॲचली, जो लॅम्बर्ट आणि नीना मुलन यांनी साध्या माणसांसाठी एक केंद्र सुरू केलं. पुढे ते ‘स्टोरीसेंटर’ या नावानं ओळखलं जाऊ लागलं. ज्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नाही, अशी माणसं तिथं येऊन स्वतःच्या आयुष्यातली एक छोटी गोष्ट सांगत, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करत आणि घरातल्या जुन्या फोटोंशी ती जोडत. कार्यशाळेचा कणा म्हणजे गोष्टीचं वर्तुळ. सगळे गोल बसतात, एकेक जण आपली गोष्ट बोलून सांगतो, बाकीचे ऐकतात. संगणकाची पाळी त्यानंतर येते. पुढे बीबीसीनं वेल्समध्ये २००१ ते २००८ या काळात गावोगावच्या लोकांकडून अशाच गोष्टी करून घेतल्या. तिथला साचा अगदी आटोपशीर होता: साधारण अडीचशे शब्द, डझनभर चित्रं, दोन मिनिटं. त्या उपक्रमाचे प्रमुख डॅनियल मेडोज या गोष्टींची तुलना ‘सुनीत’ (सॉनेट) या कविताप्रकाराशी करत. चौदा ओळींचं बंधन असतं म्हणून कवीला नेमकं लिहावं लागतं, तसंच हे. लॅम्बर्ट यांनी चांगल्या डिजिटल गोष्टीची सात अंगं सांगितली आहेत. मुलांसमोर सातही ठेवू नका. मी दोनच ठेवते: स्वतःचा आवाज आणि काटकसर. बाकीची त्यांच्या मागोमाग येतात.

आता वर्तुळाबद्दल, कारण सगळं तिथं ठरतं. ३८ मुलांचं एक वर्तुळ करू नका; शेवटच्या मुलापर्यंत कुणाचंच लक्ष टिकणार नाही. सहा-सात जणांची सहा वर्तुळं करा, ग्रंथालयाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत. विषय देऊ नका. ‘माझी आई’, ‘माझा आवडता दिवस’ असं म्हटलं, की मुलांच्या तोंडून निबंध बाहेर पडतो, कारण त्या शब्दांना निबंधाची सवय आहे. त्याऐवजी वस्तू मागा. घरातली अशी एक वस्तू आणा किंवा तिचं चित्र काढून आणा, जी फेकायला तुम्ही कुणाला देणार नाही. मग एकच प्रश्न विचारा: ही तुमच्याकडे कशी आली आणि त्या दिवशी काय झालं?

समजा, एका मुलानं आजोबांचा चष्मा आणला. निबंधात तो लिहील, ‘माझे आजोबा खूप प्रेमळ होते.’ वर्तुळात बोलताना तो सांगेल, की चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आहे, आजोबा नवी बसवू देत नसत, आणि आता तो चष्मा खिडकीतच आहे, झाडताना सगळे तो उचलून परत तिथंच ठेवतात. गोष्ट त्या दोऱ्यात आहे आणि ती मुलाला आधीपासून माहीत आहे. फक्त कुणीतरी ऐकत असताना ती बाहेर येते. म्हणून ऐकणाऱ्यांसाठी एकच नियम ठेवा: गोष्ट सुधारायची नाही, प्रश्न विचारायचा. “तेव्हा तू कुठे उभा होतास?” “मग काय झालं?” “दोरा कोणत्या रंगाचा होता?” हे प्रश्न मुलं आपापसांत फार चांगले विचारतात, मोठ्यांपेक्षा चांगले, कारण त्यांना उत्तर खरंच हवं असतं.

हल्ली मुलं एआयकडून मजकूर लिहून आणतात, ही भीतीही बरीचशी इथंच कमी होते. दोऱ्याचा रंग यंत्राला माहीत नाही. वर्गातल्या सहा जणांनी ऐकलेली गोष्ट एक आणि वहीत लिहून आलेली दुसरीच, असं झालं तर पहिले ते सहा जणच ओळखतील. तुम्हाला पोलीस व्हावं लागणार नाही.

वर्तुळानंतर लिहायचं, तेही लगेच, बोललेलं कानात असतानाच. पहिला खर्डा हवा तेवढा लांब होऊ दे. दुसऱ्या तासाला तो मोठ्यानं वाचायला लावा आणि हातात घड्याळ घ्या. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे शब्द मोजके पण लांब होतात. अडीचशेचं माप आपल्याला जरा सैल पडतं. दोनशे शब्दांच्या आसपास सावकाश बोललं, तर दोन मिनिटं भरतात. दोन मिनिटांच्या पुढे जे जातं ते मुलांनाच खोडू द्या. खोडताना एक कसोटी सांगा: चित्रात दिसणार आहे ते वाक्यात नको. चष्मा दिसतो आहे, मग ‘हा चष्मा आहे’ कशाला? लेखनाचा धडा म्हणून या एका तासाची किंमत फार मोठी आहे. जी मुलं एरवी शुद्धलेखनाच्या भीतीनं दोन ओळींच्या पुढे जात नाहीत, ती इथं स्वतःहून एकेक शब्द पारखतात, कारण तो शब्द त्यांना तोंडानं उच्चारायचा असतो.

आणि इथं ग्रंथपालबाईंना बोलवा. त्यांच्याकडे शाळेतला सगळ्यांत चांगला स्टुडिओ आहे. रिकाम्या वर्गात भिंती उघड्या असतात, आवाज त्यांवर आपटून परत येतो आणि रेकॉर्डिंग डब्यातून आल्यासारखं वाटतं. पुस्तकांनी भरलेली मांडणी मात्र आवाज थोडा शोषते आणि बाकीचा वेड्यावाकड्या पाठींवर विखुरते. दोन कपाटांच्या मधल्या बोळात मुलाला बसवा. पंखा बंद, फोन विमान मोडवर. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसतो. बोलण्याआधी दहा सेकंद कुणीही काही बोलू नका, रेकॉर्डिंग मात्र चालू ठेवा. त्या शांततेचा नमुना घेऊन ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर मागची घरघर कमी करतं. वाक्य चुकलं तर सुरुवातीपासून नको. थांबायचं, मनात तीन आकडे मोजायचे, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. चुकलेला तुकडा नंतर कापता येतो. हे कळलं, की अडखळणारी, लाजणारी मुलंही खुलतात. वर्गासमोर उभं राहून बोलताना दुसरी संधी नसते. इथं ती हव्या तितक्या वेळा मिळते. एखाद्या मुलाला बोलणं शक्यच नसेल, तर त्याच्या खुणांचा किंवा लिहिणाऱ्या हाताचा व्हिडिओ घ्या. आवाज म्हणजे फक्त घसा असं मी मानत नाही.

मुलांनी कागद हातात धरून वाचलं, की ‘धडा’ परत येतो. मी अशा वेळी मुलाला त्याच्या मित्रासमोर बसवते आणि सांगते, याला सांग. कागद मांडीवर असू दे, बघितलास तरी चालेल. डोळे समोरच्या माणसावर गेले, की सूर आपोआप बदलतो.

ग्रंथपालबाईंच्या प्रश्नाचं मात्र एवढ्यावर समाधान होऊ नये, कारण प्रश्न रास्त आहे. ह्यूस्टन विद्यापीठाचे बर्नार्ड रॉबिन यांनी शाळांतल्या डिजिटल गोष्टींचे ढोबळ तीन प्रकार केले आहेत: स्वतःच्या आयुष्यातली, इतिहासातली घटना सांगणारी, आणि एखादी गोष्ट समजावून देणारी किंवा शिकवणारी. वस्तूची गोष्ट पहिल्या प्रकारात बसते, पण तिला पुस्तकाचं दार आहे. चष्म्याच्या गोष्टीतला मुलगा विचारू लागेल, भिंग नजर कशी सुधारतं? पहिले चष्मे कधी आले? त्या एका प्रश्नासाठी त्याला ग्रंथपालबाईंकडे पाठवा. त्या पुस्तक काढून देतील, सूची कशी पाहायची ते दाखवतील, दोन पुस्तकांत वेगवेगळं लिहिलं असेल तर काय करायचं ते सांगतील. गोष्टीत त्यातलं एखादंच वाक्य येईल, कधी एकही येणार नाही. तरी ते शोधणं फुकट जात नाही. मूल पहिल्यांदाच स्वतःच्या गरजेनं संदर्भग्रंथ उघडतं.

गोष्टी तयार झाल्यावर त्या ग्रंथालयातच राहू द्या, पुस्तकांसारख्या. प्रत्येकीची नोंद करा: शीर्षक, वर्ष, विषय, किती मिनिटं. चष्म्याची गोष्ट ऐकलेल्या मुलाला दृष्टीवरचं पुस्तक सापडावं, आणि पुस्तक घेणाऱ्याला गोष्ट. पुस्तकाच्या आतल्या पानावर क्यूआर कोड चिकटवून हे सहज जमतं; तो कोड शाळेतल्याच संगणकावरच्या फाइलकडे नेतो, असं करता येतं. (हा कोडही १९९४ चाच, जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवलेला.) एवढं झालं, की ‘यात पुस्तकं कुठे आहेत’ हे ग्रंथपालबाई स्वतःच इतरांना दाखवतील.

चित्रांसाठी पहिलं काम कागदावर करा. एका पानावर दहा चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात चित्राची कच्ची रेघ आणि खाली त्या वेळी ऐकू येणारं वाक्य. चौकोन भरले नाहीत तर फोटो काढायला जायचं नाही. मग फोटो: खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन आडवा. माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा हात, वस्तू, रिकामी जागा टिपायला सांगा. मुलांनी स्वतः काढलेली चित्रं मला नेटवरच्या कुठल्याही चकचकीत फोटोपेक्षा जास्त आवडतात. रेघ वाकडी तर वाकडी, ती त्यांची आहे.

नेटवरून काही घ्यावंच लागलं तर ते कुणाचं आहे, हे मुलांना विचारायची सवय लावा. शोधयंत्रात चित्र दिसलं म्हणजे ते फुकट झालं, असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ मध्ये सुरू झाली आणि पुढल्या वर्षी तिचे परवाने आले. त्यांत निर्माता आधीच सांगून ठेवतो, काय चालेल आणि काय नाही. ‘बीवाय’ म्हणजे माझं नाव द्या. ‘एनसी’ म्हणजे पैसे कमवायला वापरू नका. ‘एनडी’ म्हणजे त्यात बदल करू नका. यातलं शेवटचं संगीताला घात करतं: या परवान्यांच्या नियमांत संगीत हलत्या चित्रांच्या तालावर जोडणं हाही बदलच धरला जातो, म्हणून ‘एनडी’ लिहिलेलं संगीत व्हिडिओखाली लावता येत नाही. सिनेमाचं गाणं तर सोडूनच द्या. खरं सांगायचं तर यंदा संगीत अजिबात नको, असं माझं मत आहे. त्याऐवजी गोष्टीतलाच एक आवाज रेकॉर्ड करून आणू द्या: दाराची कडी, पावसाचं पाणी, बाकावर ठेवलेल्या चष्म्याचा टक्क. एकच. तो कुठे वाजवायचा यावर मुलं अर्धा तास भांडतील, आणि त्या भांडणात त्यांना बरंच काही कळेल.

मग आठव्या तासाला लॅपटॉप. इथं हिशेब रोखठोक आहे. ३८ स्वतंत्र व्हिडिओ एका लॅपटॉपवर होणार नाहीत. सगळ्यांची गोष्ट आवाजात रेकॉर्ड होऊ दे. दोन मिनिटांप्रमाणे ती ७६ मिनिटं होतात, म्हणजे ऐकायला दोन तास पुरे. व्हिडिओ मात्र प्रत्येक वर्तुळातून एकाच गोष्टीचा, आणि कुणाचा ते त्या वर्तुळानंच ठरवायचं. बाकीचे त्या गोष्टीचे चित्रकार, फोटोवाले, कापाकापी करणारे. ज्यांच्या गोष्टी आवाजातच राहिल्या, त्यांना त्या अपुऱ्या वाटू देऊ नका. फक्त ऐकायची गोष्ट हीही पूर्ण गोष्ट असते. फिरती अक्षरं आणि चित्रांच्या मधले चमत्कार पहिल्याच दिवशी बंद करून टाका.

गुण द्यावेच लागत असतील, तर पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा शेजारी ठेवून द्या. चकाकीला गुण दिलेत, की पुढल्या वर्षी चकाकीच येईल.

आता त्या मुलीबद्दल. पत्रातली ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

तिनं तुम्हाला वही दिली, ही गोष्ट मोठी आहे. ‘हा विषय नको’ म्हणून ती परत करू नका. तिला कळेल ते इतकंच, की हे बोलायचं नसतं. पण वही मिळाली म्हणजे व्हिडिओची परवानगी मिळाली, असंही नाही. आधी तिच्याशी एकटीशी बोला, वर्गाबाहेर, घाई नसताना. विचारा: ही गोष्ट कुणी ऐकावी असं तुला वाटतं? कुणी ऐकू नये असं वाटतं? पाच वर्षांनी तूच ती ऐकलीस तर कसं वाटेल? आणि गोष्टीत आई आहे, वडील आहेत. त्यांना हे माहीत आहे का? उत्तरं तिची तिला देऊ द्या, तुम्ही सुचवू नका. घाव अजून ताजा असेल आणि बोलताना ती कोसळत असेल, तर ही गोष्ट यंदाची नाही. वहीत लिहीत राहा, मी वाचेन, असं सांगा आणि उपक्रमासाठी दुसरी वस्तू शोधायला मदत करा. बोलताना ती स्थिर असेल, काय सांगायचं ते तिला ठाऊक असेल, तर तिला ती करू द्या. करताना मात्र गोष्टीचा परीघ लहान ठेवायला शिकवा. वडील का गेले, हे तिला सांगता येणार नाही, तिला ते बहुधा माहीतही नाही. त्यांच्या चपला दारात किती दिवस होत्या, हे तिला माहीत आहे. चपलांच्या गोष्टीत तिचं स्वतःचं सत्य आहे आणि त्यात कुणावर आरोपही नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. “कुणाला सांगणार नाही” असं वचन कुठल्याही मुलाला देऊ नका. वर्तुळात किंवा वहीत मारहाणीचं, छळाचं, स्वतःला इजा करून घेण्याचं काही आलं, तर ते योग्य माणसापर्यंत पोचवणं तुमचं काम आहे, आणि तेव्हा तो उपक्रमाचा भाग राहत नाही. शाळेत समुपदेशक असतील तर पहिल्या वर्तुळाच्या आधीच त्यांना कल्पना द्या. तुम्ही समुपदेशक नाही आणि तसं होण्याचा भार घ्यायचीही गरज नाही.

मुख्याध्यापकांना मी असं सांगेन. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत दोन कलमं जवळजवळ आहेत: बारावं म्हणतं, मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडायचा हक्क आहे, सोळावं म्हणतं, मुलाला खासगीपणाचा हक्क आहे. आपण पहिल्याचा मान राखायला निघालो आहोत, तर दुसरं मोडून चालणार नाही. इंटरनेटवर टाकलेली गोष्ट मूल मोठं झाल्यावर परत मागू शकत नाही. ‘अनलिस्टेड’ केलेला, म्हणजे शोधून न सापडणारा व्हिडिओही लिंक मिळालेल्या कुणालाही दिसतो, आणि लिंक पुढे जातेच. फोटोत शाळेचा बिल्ला दिसतो, फोननं काढलेल्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद असू शकते. तेव्हा चॅनलवर फक्त त्याच गोष्टी, ज्यांना पालकांनी लेखी आणि मुलानं स्वतः, दोघांनीही होकार दिला आहे. मुलाचा होकार गोष्ट पूर्ण झाल्यावर घ्या, आधी नाही, आणि एक आठवड्यानं पुन्हा विचारा. नकार दिला तर कारण विचारू नका. सरांना काहीतरी दाखवायचं असेल, हे मी समजू शकते. त्यांना ग्रंथालयात बोलवा. दिवे मालवून सहा व्हिडिओ दाखवा आणि दोन-तीन आवाजातल्या गोष्टी, त्याही त्या मुलांना विचारून. पालकही येऊ शकतात. त्या मुलीनं नको म्हटलं असेल, तर तिची गोष्ट त्या दिवशी नसेल.

जपून ठेवण्याबद्दल थोडंसं. सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल ठेवून निर्धास्त राहू नका. विंडोज मूव्ही मेकर शाळाशाळांत वापरलं जायचं. २०१७ च्या जानेवारीत ते बंद झालं, आणि ज्यांनी तयार व्हिडिओ काढून ठेवलाच नव्हता, त्यांना त्या फाइली उघडणं अवघड झालं. २०२० संपता संपता हलती चित्रं दाखवणारं ‘ॲडोब फ्लॅश’ हे सॉफ्टवेअरही बंद झालं. म्हणून प्रत्येक व्हिडिओची तयार एमपी४ फाइल काढा, मूळ आवाजाची फाइल वेगळी ठेवा, आणि दोन्हींच्या प्रती किमान दोन ठिकाणी असू द्या, एक ग्रंथपालबाईंकडे. मुलांनाही त्यांची स्वतःची प्रत द्या. ती त्यांची आहे.

पहिल्या वर्तुळाच्या दिवशी तुम्हीही एक वस्तू घेऊन जा, बाई. मुलांच्या आधी तुम्ही सांगा, घड्याळ लावून, दोन मिनिटांत, आणि मग मुलांना प्रश्न विचारू द्या. त्यांनी काय विचारलं ते मला कळवा.

तुमची,
ताई